कुलूप लावलेल्या किल्ल्याचा पहारेकरी

चौथ्या मुद्द्यासमोर नलिनीबाईंनी लाल शाईने ‘छान’ लिहिलं, पुढच्या मुद्द्याकडे वळल्या आणि पुन्हा मागे आल्या. शाई अजून ओली होती. चौथा मुद्दा असा होता: ‘किल्ल्यावरून परत येताना तो केसांना आणि कानांमागे कापूस लावून येतो, म्हणजे घरच्यांना वाटावं की काम करून आला.’ अक्षर जयाचं. किल्ल्यात कापूस कुठून आला, हा प्रश्न बाईंना पडायला हवा होता. चौतीस वर्षं पोरांचे निबंध तपासलेल्या माणसाला तो सगळ्यांत आधी पडायला हवा होता. पण वाचता वाचता त्यांना तो माणूस डोळ्यांसमोर दिसला होता आणि दिसला म्हणूनच हाताने ‘छान’ लिहून टाकलं होतं. उंच, थोडा पोक आलेला, दुपार कलली की डब्याची पिशवी घेऊन चाळीचा जिना चढणारा, कानामागे कापसाचा पुंजका. जयाचा बाप. गुणाजी. बाईंनी पेनाला टोपण लावलं. मे महिन्यातली दुपार पत्र्यावरून खोलीत उतरत होती आणि पंखा तीच हवा पुन्हा पुन्हा अंगावर टाकत होता. त्यांना एकदम खूप दमल्यासारखं झालं. सुट्टीत पोरांना उन्हात भटकू द्यायचं नाही, एवढ्यासाठी सुरू केलेला हा खेळ. तो इथपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं.

खेळ आणला होता भाच्याने. चंद्रप्रकाश बोटीवर इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा बंदरातून त्याने एक खोका आणला. आत इंग्रजी पुस्तक आणि रंगीत फासे, चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचं, कुणी तिरंदाज व्हायचं, कुणी वैद्य, कुणी चोर. काय करायचं ते तोंडाने बोलायचं आणि ते जमलं का नाही ते फाशाने ठरवायचं. बाईंनी ते पुस्तक शब्दकोश घेऊन तीन महिन्यांत दोनशे पानी वहीत मराठीत उतरवलं. निवृत्त झाल्यावर इतकं बरं त्यांना दुसऱ्या कशानेच वाटलं नव्हतं. त्या कांजूरच्या चाळीत त्यांच्या खोलीत रोज दोन वाजता तिघं जमायची: जया, टेलिफोन खात्यातल्या शिवदासांचा भीमराज आणि शेवटच्या खोलीतली अनुपमा. दोन सुट्ट्या पोरांनी जंगलं पार केली, नद्या ओलांडल्या, आता शेवट जवळ आला होता आणि शेवटाला एक खलनायक हवा होता. पुस्तकात अशांचं एक आख्खं प्रकरण होतं: मेलेले, पण पडून न राहिलेले. त्यांना झोप नसते, भीती नसते, ते दमत नाहीत. पोरं अशाला ‘उठलेला’ म्हणायला लागली होती. बाईंनी शिक्षकाच्या सवयीने जाहीर केलं, प्रत्येकाने आपापला उठलेला मुद्देसूद लिहून आणायचा, नाव, सामर्थ्य, कमजोरी, दहापैकी गुण. पहिला येईल तोच खेळात घ्यायचा. “आमच्या घरी भुतंबितं मानत नाहीत हां बाई,” भीमराज म्हणाला होता. “बाबा म्हणतात, सगळं थोतांड आहे. पण खेळात चालेल.” त्याने अकरा डोक्यांचा सेनापती लिहून आणला होता. अनुपमाने केस मोकळे सोडलेली राणी. आणि जयाने हा.

बाईंनी कागद पुन्हा वाचला, या वेळी पेन बाजूला ठेवून. ‘१. नाव: पहारेकरी. २. तो आणि त्याचा किल्ला, दोघंही लढाईत मेले. ३. तरी तो रोज पहाटे उठून किल्ल्यावर जातो. किल्ल्याला कुलूप आहे. तो दिवसभर कुठे असतो ते कुणाला माहीत नाही.’ मग तो कापूस. ‘५. सामर्थ्य: तो दमत नाही. रागावत पण नाही. ६. कमजोरी: त्याला वाटतं की कुणालाच माहीत नाही. घरच्यांपैकी कुणी “आम्हांला माहीत आहे” असं म्हटलं तर तो कोसळेल आणि परत उठणार नाही.’ खाली कंसात, पेन्सिलीने: ‘घरच्यांना हे माहीत असल्यामुळे ते बोलत नाहीत.’ अकरा वर्षांची पोर. घरातल्या उशीचा एक कोपरा उसवून आतला कापूस काढलेला तिला दिसला असेल. आईने तो शिवला असेल आणि तो पुन्हा उसवला असेल. हे असं कितीदा झाल्यावर पोर त्याचा मुद्दा क्रमांक चार करते? आणि हा कागद तिने बाईंकडेच का दिला? कुणीतरी पहारेकऱ्याला मारावं म्हणून, का कुणीतरी त्याला मारू नये म्हणून? तिलाही ते ठाऊक नसेल. पोरांना जे सांगता येत नाही ते ती निबंधात लिहून ठेवतात आणि आपण त्यात ऱ्हस्व-दीर्घ बघत बसतो.

खरं तर बाईंनाही माहीत होतं. अगदी माहीत होतं असं नाही, पण माहीत नव्हतं असंही म्हणता आलं नसतं. गिरण्यांचा संप झाला, वर्षभर चालला, आणि तो संपला असं कुणी कधी म्हटलंच नाही. मग कुठल्या कुठल्या गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, काहींना आत घेतलं, पुष्कळांना घेतलं नाही. गुणाजी एक दिवस पेढे घेऊन आला होता. “घेतलं बाई. साचेखात्यातच. जुनीच जागा.” तेव्हापासून तो पहाटे साडेपाचला निघतो आणि साडेचारला परत येतो. पण त्याच्या टाचांच्या भेगांत पांढरं काहीतरी बसलेलं असे आणि साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या राहणाऱ्या माणसाच्या टाचा अशा होत नाहीत, हे परळच्या शाळेत जन्म काढलेल्या बाईंना कळत होतं. मिठागराच्या बाजूने कोळंबी घेऊन येणारी शेवंती एकदा म्हणालीसुद्धा होती, “तुमच्या चाळीतला तो उंच भाऊ बांधावर दिसतो वो रोज.” बाईंनी विषय बदलून कोळंबीचा भाव केला होता. आणि संध्याकाळी जिन्यात गुणाजी भेटला तेव्हा रोजच्यासारखंच विचारलं होतं, “काय रे, या आठवड्याला पहिली पाळी वाटतं?” चाळीत सगळेच विचारायचे. विचारलं नाही तर त्याला वाटेल आपल्याला कळलं, म्हणून विचारायचे. पाळी कुठली, खात्यात उकाडा फार आहे का, नवा मुकादम कसा आहे. तोही उभं राहून नीट उत्तरं द्यायचा. माणसं किती काळजीने एखाद्याला त्याच्या जागी उभं करून ठेवतात, असं आता बाईंच्या मनात आलं, आणि हा विचारच त्यांना इतका जड वाटला की त्या उठून पाणी प्यायल्या.

सकाळी नळावर सुलक्षणा, जयाची आई, भेटली होती. “यंदा तरी जाणार ना गं गावाला? पोरीला आंबे तरी खाऊ देत.” “रजा नाही हो मिळत ह्यांना,” सुलक्षणा बादलीकडे बघत म्हणाली. “नवीन साहेब फार कडक आहे म्हणतात.” सलग तिसरं वर्ष. बादली भरून वाहायला लागली तरी ती नळ बंद करत नव्हती. मालवणकडची माणसं ही. मे महिन्यात गावाला न जाणं म्हणजे काय ते बाईंना कळत होतं. गावात बसलं की चार भाऊबंद विचारतात आणि तिथे जिन्यातल्यासारखं पटकन उत्तर देऊन वर निघून जाता येत नाही.

कागद बाजूला ठेवून अकरा डोक्यांचा सेनापती घ्यावा, असं बाईंनी तासभर ठरवलं. पण गठ्ठा भीमराजने जमा केला होता आणि देण्याआधी सगळ्यांचं वाचून काढलं होतं. “बाई, जयाचा झकास आहे,” तो देतानाच म्हणाला होता. “माझा नुसताच मोठा आहे. तिच्याला मारायचा कसा तेच कळत नाही.” “मारायचा कशाला, सांगायचं फक्त,” अनुपमा म्हणाली होती. “पण घरच्याने सांगायला पाहिजे, येडे,” भीमराज म्हणाला. “आपल्यात त्याच्या घरचं कोण आहे?” जया तेव्हा खिडकीच्या गजावरचा रंग नखाने खरवडत होती. म्हणजे ठरलंच होतं. उद्या नाही तर परवा पोरं किल्ल्याच्या दाराशी पोचणार, कुणीतरी ते वाक्य म्हणणार आणि पहारेकऱ्याच्या जागी बाईंना बोलावं लागणार. जयाने लिहिलं होतं तसं त्याला कोसळवलं, तर ही पोर घरी जाऊन जन्मभर तोंड उघडणार नाही. कोसळवलं नाही, तर का नाही ते सांगावं लागेल. चौतीस वर्षांत बाईंनी पोरांना खोटं उत्तर दिलं नव्हतं, असं त्या म्हणायच्या. मग त्यांना सत्तावन्न साल आठवलं.

सत्तावन्नमधला गुणाजी सातवीत होता, दुसऱ्या बाकावर, गणितात वर्गात पहिला. वही उलटी धरून मागच्या पानावर यंत्रं काढायचा: चाकं, पट्टे, दांडे, सगळं एकमेकांत नीट बसलेलं. बाप त्याच वर्षी गेला. आई त्याला घेऊन शाळेच्या गॅलरीत येऊन उभी राहिली, पदर दातात धरून. “बाई, पोराक फुडे शिकवू काय गिरणीत लावू? चुलतो म्हणता, बदली कामगार म्हणान घेतील मोठो झालो की.” बाईंचं तेव्हा वय तेहतीस. खाली रस्त्यावरून सुटलेली पाळी चालली होती, शेकडो टोप्या, केसांत कापूस. “लावा गिरणीत,” बाई म्हणाल्या होत्या. “गिरणी काय पळून जाते का कुठं? कायमची नोकरी आहे.” पोराने तेव्हा वर बघितलं नव्हतं. त्यानंतर तो बाईंवर कधीच रागावला नाही. निवृत्तीनंतर त्यांना इथे, कांजूरला, आपल्याच चाळीत खोली मिळवून दिली ती त्याने. जयाने बरोबर लिहिलं होतं, रागावत पण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाई छत्री घेऊन निघाल्या. देवळामागून, मग शेवटच्या झोपड्यांच्या कडेने हायवेपर्यंत. हायवे ओलांडायला त्यांना दहा मिनिटं लागली. पलीकडे एकदम सपाट झालं. पाण्याचे चौकोन, मधले चिखलाचे बांध, आणि ठिकठिकाणी मिठाच्या पांढऱ्या राशी, ज्यांच्याकडे डोळे बारीक केल्याशिवाय बघता येत नव्हतं. एवढी वर्षं जवळ राहून त्या इथे कधी आल्या नव्हत्या. गुडघा दुखत होता. वाटेत त्यांनी दोनदा ठरवलं की परत फिरावं. आपण काय सांगणार आहोत, कुठल्या तोंडाने. पंपाच्या पत्र्याच्या खोलीपाशी चारपाच माणसं गोणी भरत होती आणि त्यांत गुणाजी होता, बनियनवर, कमरेला टॉवेल. त्याने बाईंना पाहिलं. पाटी खाली ठेवली. पळून गेला नाही की काही नाही. वर्गात नाव पुकारल्यासारखा पुढे आला. “बाई, एवढ्या उन्हात?”

“बसू दे जरा,” बाई म्हणाल्या. त्याने गोणपाट झटकून बांधावर टाकलं. पाण्यावरून तापलेला वारा येत होता आणि ओठांवर खारट लागत होता. “कधीपासून रे?” “पहिल्यापासूनच. घेतलंच नव्हतं मला. महिनाभर फाटकावर जाऊन बसलो, मग इथे. मीठ भरायचं, बांध घालायचे. सुटलं की पंपाखाली अंग धुतो.” तो हसला. “मीठ धुऊन कापूस लावतो. आता सांगा.” “सुलक्षणाला माहीत आहे?” “तिला न कळून कसं चालेल? बोलत नाही. मीही बोलत नाही. कधी कधी वाटतं, ती झोपेतसुद्धा बोलायला घाबरते.” मग तो पाण्याकडे बघत राहिला. “पोरीसाठी चाललंय हे सगळं. शाळेत वडिलांचा धंदा विचारला की ती साचेखात्यात म्हणून सांगते. मान वर करून सांगते, बाई. मी ऐकलंय. तिला वाटतं बाप कारागीर आहे. चेडवाक कळूक नको.” पोरीला कळायला नको, हे शेवटचं वाक्य त्याच्या आईच्या आवाजात आलं होतं. बाईंच्या पिशवीत चष्म्याच्या घरात घडी घातलेला तो कागद होता. तो काढून द्यावा, असं त्यांच्या हाताला वाटलं. पण तो जयाचा होता. विश्वासाने तपासायला दिलेला कागद दुसऱ्याला दाखवायचा नसतो. “दमला असशील,” एवढंच त्या म्हणाल्या. “दमलोय,” गुणाजी म्हणाला, इतक्या लगेच, की दोघांनाही त्याचं आश्चर्य वाटलं. “मीठ भरून नाही हो दमत. परत जाताना दमतो. जिना चढताना.” बाईंपुढे ती शाळेची गॅलरी, ते सत्तावन्न साल उभं राहिलं. “तेव्हा मी तुझ्या आईला…” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय वाईट सांगितलं?” गुणाजी मध्येच म्हणाला. “तेव्हा गिरणी होती.” आणि उठून त्याने त्यांना हायवेपर्यंत सोडलं, मधल्या दगडांवरून हात धरून, आणि पलीकडे मात्र आला नाही.

परतताना आणि नंतर भाताचा कुकर लावताना बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बाप पोरीसाठी कापूस लावतो आणि पोर बापासाठी तो बघत नाही. दोघं एकाच खोलीत सहा फुटांवर झोपतात. आणि हे संपूर्ण ठाऊक असलेली या जगात एकच बाई आहे, जिला दोघांनीही स्वतःचं तेवढं अर्धं दिलंय आणि दोघांनीही सांगू नको म्हटलंय, एकाने शब्दांत, एकीने मुद्द्यांत. त्यांना वाटलं, कुकरची शिट्टी व्हावी, कुणीतरी दारावर यावं, लाइट जावी. असं काहीच झालं नाही. दोन वाजता पोरं आली.

त्या दिवशी खेळ फार पुढे सरकेल असं बाईंना वाटत नव्हतं, पण भीमराज सुसाट होता. त्याच्या चोराने खंदक ओलांडला, अनुपमाच्या वैद्याने वाटेतला विषारी धूर काढून टाकला, आणि अडीच वाजायच्या आत तिघं किल्ल्याच्या दाराशी होती. “दाराला कुलूप आहे,” बाई म्हणाल्या. “दाराबाहेर पायरीवर एक माणूस उभा आहे.” “आलाच!” भीमराज मांडी मोडून गुडघ्यांवर बसला. “कसा दिसतो?” बाईंनी वहीत पाहिलं. वहीत काही लिहिलेलं नव्हतं. “साधाच. उंच आहे.” “मी सांगून टाकतो. ए पहारेकरी, आम्हांला सगळं माहीत आहे!” “तू त्याच्या घरचा आहेस का?” अनुपमा म्हणाली. “मग मी म्हणतो मी त्याचा पुतण्या. चोर आहे मी, खोटं बोलू शकतो. टाकू फासा?” “थांब रे,” जया म्हणाली. आज ती पहिल्यांदाच बोलत होती. तिने तिच्या तिरंदाजाचा कागद हातात गोल गुंडाळला होता. “नको सांगूया. तो पडेल.” “पडायलाच तर पाहिजे, यार! नाहीतर खेळ संपणार कसा?” “मग नको संपू दे.” “काय डोकं आहे! दोन वर्षं चाललोय आपण. बाई, हिला सांगा ना.” भीमराजने वीस बाजूंचा फासा उचलला होता. बाईंनी हात पुढे केला आणि त्याच्या मुठीवर ठेवला. बाई कधी फासा अडवत नसत.

“फासा नको,” त्या म्हणाल्या. “तुझ्या चोराने सांगितलं ते त्याने ऐकलं. तो कोसळत नाही. तो पायरीवर खाली बसतो.” त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटत होता. उन्हात गेल्यामुळे असेल. “तो खूप दमलेला आहे. पाचव्या मुद्द्यात दमत नाही असं आहे, ते चुकीचं आहे, मी काल बघायला हवं होतं. तो तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो: मला वाटत होतं, घरात एकीलाच माहीत नाही. तिच्यासाठीच मी चालत होतो.”

“एकीलाच म्हणजे कुणाला?” अनुपमाने विचारलं. जयाच्या हातातला गुंडाळलेला कागद उलगडत गेला. तिने बाईंकडे पाहिलं. डोळे बापाचे, दुसऱ्या बाकावरचे. “हे माझ्या कागदात नव्हतं,” ती म्हणाली. “नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मग तुम्हांला कुणी सांगितलं?” बाईंना दिसत होतं की या क्षणी म्हणता येईल, खेळ आहे गं, गोष्ट आहे, मीच रचलं. एवढं म्हटलं की उद्यापासून सगळं जिथल्या तिथे. जिन्यात पाळी विचारता येईल. गुणाजीचा शब्द राहील.

“त्यानेच सांगितलं,” नलिनीबाई म्हणाल्या.

“आयला,” भीमराज म्हणाला, “म्हणजे बाई आपल्या आधीच किल्ल्यावर जाऊन आल्या!” आणि तो अनुपमाला हसत ढकलायला लागला. जया हसली नाही. तिने बराच वेळ घेतला. फळ्यासमोर उभं राहिलेलं, उत्तर येत असलेलं पोर जसा घेतं तसा. मग तिने विचारलं, “दिवसभर कुठे असतो तो?”

“देवळामागून सरळ जायचं,” बाई म्हणाल्या. “शेवटच्या घरांपर्यंत. मग एक मोठा रस्ता लागतो. तो दोन्हीकडे बघून ओलांडायचा, घाई करायची नाही.” भीमराजने लगबगीने वही ओढली आणि नकाशा काढायला घेतला; दोन रेघा, त्यांच्यावर ‘मोठा रस्ता’. “पुढे, बाई?” “पुढे पाणी आहे, चौकोनी चौकोनी. मधल्या बांधावरून जायचं. तिसरा बांध. तिथे पत्र्याची खोली आहे, पंपाची.” “राक्षस किती आहेत तिथे?” “एकही नाही. पाचसहा माणसं आहेत. कामं करतायत.” भीमराजने खोली काढली, तिला दार काढलं, दारात एक काडीचा माणूस काढला आणि वही जयापुढे सरकवली. “हे घे. तुझा तिरंदाज पुढे. तू जा, आम्ही मागून येतो.”

जया उठली होती. दाराशी तिने एक चप्पल पायात घातली, दुसरी घालताना भिंतीला हात टेकवला. “अगं, आत्ता कुठे? तुझ्या तिरंदाजाने जायचं, तू नाही,” अनुपमा ओरडली. घड्याळात पावणेतीन झाले होते. बाईंनी खुंटीवरची छत्री काढून तिच्या हातात दिली. जिन्यावर तिची पावलं वाजली, अर्ध्यात थांबली, मग पुन्हा वाजली. “बाई, आता कुणाची वेळ?” भीमराज विचारत होता. नलिनीबाई कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि काळी छत्री देवळामागे वळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.